तोंडीचे मार्क

आमच्या गोरेगावच्या शाळेत परीक्षेची पद्धत 'सुधारायला' घेतली त्याला बरीच वर्षं झाली. मुलं किती सुधारली देव जाणे, पण स्टाफरूममधले किस्से मात्र दर टर्मला वाढतायत. डब्याच्या सुट्टीत एकाने सुरुवात केली की बेल होईपर्यंत कुणी थांबत नाही!

*

पहिला मान गावडे सरांचा. मार्कांसोबत प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य लिहायचं, असा नियम आला. सरांनी एक छानसं वाक्य शोधलं आणि चाळीसही प्रगतिपुस्तकांत उतरवलं: 'गायनात विशेष रुची आहे.'

आठवड्याने एक वडील आले. "सर, घरी तर तो कधी गुणगुणतसुद्धा नाही. पण तुम्ही लिहिलंत ना, म्हणून पेटी घेतली आम्ही!"

सर स्टाफरूममध्ये येऊन त्यांच्या मालवणीत म्हणाले, "आता ता पोर गाऊक लागला तर बरा, नायतर माझा काय खरा नाय!"

*

मग मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं: आपण काढलेला पेपर मुलांआधी आपणच वेळ लावून सोडवायचा. पुन्हा आपले गावडे सर, गणिताचा पेपर घेऊन हसत हसत बसले. तासाभराचा पेपर. बेल झाली, मोठ्या बाई पेपर ओढायला लागल्या, तर सरांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"बाई, दोनच मिनिटं! शेवटचं येतंय मला!"

*

प्रकल्पाचे मार्क सांगितले त्या दिवशी एक आई गेटवरच भेटली. "बाई, ज्वालामुखीला सातच? मोठीच्या वेळी मला नऊ मिळाले होते!"

*

आता माझा. हा सांगताना मला हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

चौथीत भारती होती, आरे कॉलनीतल्या पाड्यावरून यायची. वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. लेखी बरी होती, पण तोंडीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. शून्य लिहिलं तर पोर 'कच्ची' म्हणून पाचवीत जाणार. ते मला नको होतं, आणि फुकटचे मार्कही द्यायचे नव्हते.

तोंडी मी पॅसेजमध्ये घ्यायचे, एकेकाला बाहेर बोलावून. चुकलं की माझं ठरलेलं: "डोकं घरी ठेवून आलास का?" पहिली दहा मुलं धडाधड चुकली आणि वर्गात परत गेली. अकराव्यापासून मात्र सगळ्यांचं सगळं बरोबर! म्हटलं, आत काहीतरी शिजतंय. हळूच खिडकीतून डोकावले.

फळ्यापुढे भारती उभी. परत आलेल्यांकडून माझे प्रश्न काढून घ्यायची आणि राहिलेल्यांची तयारी करून घ्यायची. एक मुलगा चुकला आणि रडकुंडीला आला. ती म्हणाली, "घाबरू नको. परत सांग."

मी गुपचूप जागेवर येऊन बसले.

सगळ्यात शेवटी तिचा नंबर. माझ्यासमोर पुन्हा खाली मान, तोंडाला कुलूप! मी पेन ठेवलं, उठले आणि तिलाच खुर्चीवर बसवलं. "आज तू विचार गं. मी सांगते."

खिडकीत सगळा वर्ग गोळा झाला. भारतीने एकदा खिडकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "सूर्य उगवतो तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर डाव्या हाताला कुठली दिशा?"

एवढ्या सगळ्यांचे डोळे माझ्यावर! "दक्षिण," मी ठोकून दिलं.

खिडकीत खसखस पिकली. "बाईंचं चुकलं! बाईंचं चुकलं!"

भारती हसली नाही. खुर्चीत जराशी पुढे सरकली.

"घाबरू नका बाई. परत सांगा."