बेंजोवरचा वॉल्ट्झ

बदलापुरातल्या ज्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी आमचा बॉलरूम नाचाचा क्लास भरतो, तिथली देखभाल बबनदादा करतात. वय अठ्ठावन्न. गाव वांगणीच्या अलीकडचं, आणि गावात त्यांची ओळख एकच: बबन बेंजोवाला. तीस वर्षं आजूबाजूच्या गावांतली हळद त्यांच्या बेंजोशिवाय झाली नाही. मग डीजे आले आणि बेंजो पेटीत गेला.

क्लासात आम्ही सगळ्या चाळिशी-साठीतल्या जोड्या. शिकवणारी राजसी मोबाइल स्पीकरला जोडते आणि गाणी लावते. चा-चा-चाला उडती हिंदी गाणी, रुंबाला संथ, फॉक्सट्रॉटला जुन्या क्लबांतल्यासारखी. बबनदादा दारात उभे राहून ऐकायचे. आमच्या पायांकडे त्यांचं लक्षच नसे, नजर स्पीकरवर. एकदा व्हिएनीज वॉल्ट्झ चालू होता. हा वॉल्ट्झमधला वेगवान प्रकार, सेकंदाला तीन पावलं आणि नुसत्या गिरक्या. गाणं संपल्यावर दादा आत आले.

"टीचर, ही तर आमची हलद. मी वाजवू काय?"

पुढच्या रविवारी ते बेंजो घेऊन आले, ढोलकीला मेहुणे धोंडिबा. हळदीतली आगरी चाल सुरू झाली आणि आमची पावलं आपोआप पडायला लागली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले बाळकाका एरवी ओठांत आकडे मोजत नाचतात. ते मोजायचं विसरले! पण मिनिटभरात वेग वाढला. मग आणखी वाढला. शेवटी त्यांच्या पत्नी कुमुदिनीकाकू धापा टाकत भिंतीला टेकल्या.

"काका, वेग का वाढवलात?" राजसीने दादांना विचारलं.

"मंग? वाढवाचाच असतो ना!" बबनदादा चकितच झाले. "मानूस रंगात आला का आपुन चढाचं. नाय चढलो तर लोक उठून जेवाला जातात."

राजसीने समजावलं, की बॉलरूमला पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत एकच वेग लागतो. चढला की जोड्या एकमेकींवर आदळतात. मग तिने सरळच सांगून टाकलं. "तीन आठवड्यांनी आपला वार्षिक कार्यक्रम आहे. त्यात हा वॉल्ट्झ तुमचा. वेग धरून ठेवलात, तर पुढे दर रविवारी तुम्हीच वाजवायचं. नाहीतर स्पीकर आहेच."

बेंजो परत पेटीत घालताना दादांनी तो पदराखालच्या लेकरासारखा जपून ठेवला, एवढं मी पाहिलं.

पुढचं मला त्यांच्या बायकोने, मोतीबाईंनी सांगितलं. रोज संध्याकाळी दादा बेंजो घेऊन भिंतीवरच्या घड्याळासमोर बसत आणि त्याच्या टिकटिकीवर वेग धरत. मोतीबाई म्हणाल्या, "अवो, घड्याल काय नाचतंय काय? मी नाचते समोर, बघू तुमचा हात आवरतं का." आणि पदर खोचून त्या खरंच नाचल्या. शिट्ट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. पहिला आठवडाभर हात काही आवरला नाही. तिसऱ्या आठवड्यात मोतीबाईच दमून बसल्या.

कार्यक्रमाला दादांचं अख्खं गाव टेम्पो भरून आलं. आम्ही अकरा जोड्या फरशीवर. पहिलं मिनिट सुरळीत गेलं. मग मागून शिट्टी आली.

"बबन्या, चढव!"

हॉलभर हशा आणि टाळ्या. गाववाले खुर्च्या सोडून उभे राहिले. "काय रं, म्हातारा झालास काय? चढव ना!"

गिरकीत मला दादांचा चेहरा दर वेळी क्षणभर दिसे. घामाने गळा भिजलेला, जबडा घट्ट. धोंडिबांची ढोलकी किंचित पुढे सरकली, तसे दादांनी मान वळवून असे डोळे वटारले, की ती मुकाट्याने जागेवर आली. शिट्ट्या वाढत होत्या आणि बेंजो जिथे होता तिथेच होता. शेवटचा ठोका पडला तेव्हा अकराच्या अकरा जोड्या एकाच पावलावर थांबल्या. कुमुदिनीकाकूंना धापसुद्धा लागली नव्हती.

मग सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला, ज्याने म्हातारा म्हटलं होतं. "खिला ठोकल्यागत वाजवलंस रं, बबन्या!" आणि गावाने दादांना बेंजोसकट उचललं.

खाली ठेवल्यावर राजसी स्पीकरची वायर गुंडाळत त्यांच्याजवळ गेली. "काका, मग रविवारी काय वाजवणार?"

"चा-चा-चा देतो." दादांनी कपाळ पुसलं. "रुंबाला मातर महिना द्या, टीचर. येवढं सावकास वाजवाचं मना अजून शिकाचं हाय."

"शिकतील," मोतीबाई म्हणाल्या. "मी हाय ना."