मी रुमालात डोकावलो नव्हतो

विद्यापीठाच्या नामांतरावरून एसटी कधी चालू, कधी बंद असायच्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. पालमच्या बैलबाजारात माझा चुलता हेडी होता, म्हणजे बैलांचा दलाल, आणि मी त्याच्या हाताखाली. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. प्रत्येक बोटाचा आकडा ठरलेला; बोट सोडलं की भाव तेवढा उतरला. तो बाहेर फुटता कामा नये.

त्या दिवशी चुडाव्याकडचा एक शेतकरी बैल विकायला आला होता. रुमालाखाली त्याचा आणि चुलत्याचा हात. शेतकऱ्याचा चेहरा दगडासारखा. मी बाजूला उभा राहून त्याचं मनगट बघत होतो. मनगटाची शीर हलली आणि माझीच करंगळी आपोआप सैल पडली. मी उतावळा, बोलून गेलो, "काका, करंगळी सोडली त्यांनी! द्यायलेत बैल!"

शेतकऱ्याने हात ओढून घेतला, कासरा धरला आणि चालू लागला.

"रुमालात डोकावलास?" चुलता ओरडला.

"न्हाई. माज्या बोटाला कळलं."

"बोटाला कळतंय! मंग डोस्कं काय टोपी घालायला दिलंय?"

लोक हसले. मला थप्पड बसली. 'डोकाव्या' हे नावही त्याच दिवशी चिकटलं. पुढे मी पूर्णेला जाऊन स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केला, पण ते नाव तिथंही पोचलं.

मध्यंतरी मुलीने एका मासिकातून वाचून दाखवलं. माकडाच्या मेंदूत काही पेशी असतात. त्याने स्वतः वस्तू उचलली तरी त्या जाग्या होतात, आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी. पकडणारा हात आडोशामागे गेला तरी त्यांतल्या काही थांबत नाहीत. आरसा-पेशी म्हणतात त्यांना.

"पण बाबा, हात कळला म्हणजे मन कळलं असं नाही," ती म्हणाली.

मी तासभर भांडलो. त्या माणसाचं मन होतं कुठे? चेहऱ्यावर नव्हतं, बोलण्यात नव्हतं. बैल द्यायची तयारी त्या मनगटातच होती, आणि मी विचार करायच्या आधी माझ्या हाताला ती कळली होती. तरी एक गोष्ट कबूल करावी लागली. चुलत्याने हात उगारला तेव्हा थप्पड पडायच्या आधीच माझा गाल आक्रसला होता. पण मी खरं बोलतोय हे त्याला का पटलं नाही, ते माझ्या कुठल्याच अवयवाला आजवर कळलेलं नाही. ते विचारावंच लागेल.

चुलता आता ऐंशीच्या पुढे आहे. उद्या सकाळच्या बसने जातोय. मासिक नेणार नाही. छापायला काय, कुणीबी छापतंय, म्हणेल. भांडण होईल. होऊ दे. "तू डोकावला नव्हतास" एवढं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठणार नाही.