एरंडेलावर पळालेली स्कूटर

दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा महादेवीनं मला विचारलं ते स्कूटरचंच. "हलवून चालू केलीत न्हवं?" मी "व्हय" म्हणालो. त्याला महिना झाला... पन्नास वर्षं संसार केलेली बायको जाते आणि नवऱ्याला आठवतं काय, तर पेट्रोल! हसा खुशाल.

सत्तरच्या दशकात नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली ती स्कूटर. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, विसरलात की इंजिन जाम! बायकोपेक्षा मी तिलाच जास्त जपतो, असं महादेवी म्हणायची. तेवढ्यात तिला मैंदर्गीच्या शाळेत नोकरी लागली. ठरल्या दिवशी शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या बाईला. आणि त्याच दिवशी एसटी आली नाही! काढली भवानी पेठेतून स्कूटर. पंपावर पेट्रोल होतं, ऑइल संपलेलं. पेट्रोल डब्यात घेतलं. टाकीतलं जुनं, ऑइल मिसळलेलं, तिच्या माहेरापर्यंत, कुंभारीपर्यंत, कसंबसं पुरलं. तिथं मी अडून बसलो. नुसत्या पेट्रोलवर गाडी घालणार नाही म्हणजे नाही!

ती घरात गेली आणि एरंडेलाची बाटली घेऊन आली. सासरे बैलगाडीच्या आसाला तेच घालायचे.

"अगं, गाडीला जुलाब हुतील की!"

"आसाला चालतंय, मग हिला का न्हाय? का तुमी गाडी जपा, मी नोकरीवर पानी सोडते?"

किती घालायचं, दोघांनाही ठाऊक नाही. "जरा जास्तच वता," ती म्हणाली. "धूर झाला तर लोक हसतील. जाम झाली तर मी रडंन."

पेट्रोल, एरंडेल, दोन्ही टाकीत ओतलं! मिसळावं म्हणून दोघांनी धरून स्कूटर ताकाच्या डेऱ्यासारखी घुसळली. किक मारली... आणि चालू झाली की हो! काय तो धूर, काय तो वास! कुत्री मागं, अक्कलकोटात लोक दुकानाबाहेर, आणि मागच्या सीटवरून महादेवी कन्नडमध्ये ओरडतेय, "नडीरी, नडीरी!" चला, चला! हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावून तिची सही घेतली. शाळा सुटायची होती अजून.

तेव्हापासून स्कूटर हलवल्याशिवाय ती बसायची नाही, आणि बसून "नडीरी" म्हटल्याशिवाय मी गिअर टाकायचो नाही.

काल अंगणात स्कूटर काढली. ऑइल जरा जास्तच घातलं, हलवली, किक मारली. अंगणभर धूर झाला. क्लच दाबून मी उभा राहिलो, वाट बघत... गाडी जाम झाली नव्हती. तरी मी रडलो.