मांजरीने ठेवलेली शेपटी

होळी झाली तरी त्या वर्षी आमचा कापूस घरातच होता. सरकारी खरेदी केंद्र उघडत नव्हतं. व्यापारी मागेल त्या भावात माल द्यायचा नाही, असं आम्ही सभांमधून ओरडत होतो. ओरडणाऱ्याच्याच घरून गाडी भरली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून समोरच्या खोलीत कापूस आढ्याला टेकलेला, आणि आम्ही कापसाला खेटून झोपायचो, अंग खाजवत. यवतमाळ जिल्ह्यातली अशी कितीतरी घरं तेव्हा गोदामं झाली होती. सरकारला शिव्या घालणारी पत्रकं मीच लिहायचो. पण कापसात सरकी असते, सरकीला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

उंदरांसाठी वहिनीने मांजर पाळली. करडी, एक कान फाटका, स्वभावाने खडूस. जे पकडेल ते आधी वहिनीच्या पायाशी आणून टाकायची, मग खायची. उंदीर, सरडे, आणि दोनदा साप.

दोन्ही वेळा ओळखायला मला हाक आली, कारण सापांवरचं पत्रकही माझंच होतं. पिवळा कागद, वर ठळक मथळा: दिसला की ठेचा, हा अडाणीपणा बंद करा! दोन्ही वेळा निघाला कवड्या. पालींच्या मागे घरात शिरणारा, बिनविषारी. मी तो शेपटीला धरून उचलला आणि अंगणात व्याख्यान दिलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. विषारी मण्यारीचं उलटं. तिच्या मानेजवळ पट्टे नसतात, शेपटीकडे दाट होतात, जोडीजोडीने, पांढरेशुभ्र. आणि पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची एक सरळ ओळ.

"भाऊजी, पोरगी पाह्यले जासान तवाबी एवढंच बारीक पाहा," वहिनी म्हणाली.

सगळे हसले. मी साप बांधावर सोडून आलो. समाधानाने जेवलो. मला वाटलं, चला, निदान आपलं घर तरी शहाणं झालं.

तिसऱ्या वेळी मी घरी नव्हतो. तालुक्याला धरणं होतं. भरदुपारी परतलो तर वहिनी ओट्यावर बसलेली, बोट पदरात गुंडाळलेलं.

"तुमचा पाहुणा आलता," ती म्हणाली. "मांजरीनं कापसातून ओढला. सोडाव म्हणून तुमच्यासारखाच शेपटीले धरला, तं पलटून लागला बोटाले."

"दुखते?"

"मुंगी चावल्यावानी. कवड्याच होय ना? पट्टे होते त्याले."

बोट बघितलं. दोन बारीक ठिपके, सूज नाही. नागाने किंवा घोणसीने धरलं असतं तर बोट असं राहिलं नसतं. मण्यार मात्र असंच चावते. 

"साप कुठे आहे?"

"जाळला," मागून दादा म्हणाला.

आमच्याकडे मारलेला साप तसाच फेकत नाहीत, लगेच जाळतात. जाळला नाही तर त्याचा जोडीदार माग काढत येतो म्हणे. दादाने काठीने मुंडक्याचा चेंदा केला होता आणि चुलीत घातला होता.

"पट्टे कुठून सुरू होत होते?"

"मले काय ठाव? मुंडकं ठेचून राह्यलतो मी. पट्टे मोजू का बायको सांभाळू?"

आता जे लिहितो ते लिहायला हात आखडतो. तिला उचलून तेव्हाच निघायला हवं होतं. मी चुलीपाशी बसलो. चिमट्याने राख उकरली. काळ्या पडलेल्या कण्याचे तुकडे पाटावर मांडले आणि दादाशी वाद घातला, की त्याच्यासारख्या माणसांमुळेच गाव अडाणी राहतं. वहिनी ओट्यावरून बघत होती. अर्धा तास गेला.

तेवढ्यात खाटेखाली मांजर गुरगुरली. साप मधे तुटला होता, आणि मागचा तुकडा तिने पळवून ठेवला होता. मी हात घातला तर मनगट ओरबाडलं तिने. तुकडा बाहेर काढला. चकचकीत काळा, पांढरे पट्टे जोडीजोडीने पार टोकापर्यंत. पाठीवर मोठ्या खवल्यांची ओळ.

शेजाऱ्याची मोटरसायकल घेतली. दादा चालवायला, मधे वहिनी, मागे मी, खिशात रुमालात बांधलेली शेपटी. खड्ड्याखड्ड्याला ती म्हणायची, "पोट दुखून राह्यलं जी." मग म्हणणंही थांबलं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने बोट पाहिलं. "सूज नाही. बिनविषारी असेल. घरी घेऊन जा. साप आणलाय का?"

मी रुमाल उघडला.

"शेपटीवरून काय सांगता? मुंडकं कुठंय?"

"मुंडकं पाहून काय करणार? नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींना इंजेक्शन एकच आहे ना तुमच्याकडे?" मी टेबलावर हात आपटला.

"दादागिरी करू नका. बाहेर बसा."

"पहा हो साहेब," दादा रडकुंडीला आला. "तिचे डोये उघडून नाई राह्यले."

खरंच उघडत नव्हते. पापण्या अर्ध्यावर लटकल्या होत्या आणि ती मान मागे टाकून आमच्याकडे बघायचा प्रयत्न करत होती. तेव्हा कुठे तो माणूस खुर्चीतून उठला. सलाईन लागलं, औषध सुरू झालं. संध्याकाळी गाडीतून यवतमाळला नेलं. तिथे कितीतरी दिवस ती मशीनवर श्वास घेत होती. दादा दाराशी बसून असायचा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी काय केलं? पत्रक लिहिलं! डॉक्टरला झोडपलं, आरोग्य खात्याला झोडपलं, घरात कापूस सडवायला लावणाऱ्या सरकारला झोडपलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आजही मागे घेणार नाही. साप बिनविषारी की विषारी याचा निकाल बोटाच्या सुजेवरून लावणाऱ्याला खुर्चीवर बसवतं कोण?

वहिनी घरी आली तेव्हा आवाज बसलेला होता. छापायला निघालेला कागद मी तिला वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. मांजर तिच्या मांडीवर होती.

"लई चांगलं लिवलं," ती म्हणाली. "तुमचा अर्धा तास कुठी आहे याच्यात?"

मी कागद पुन्हा वरून खाली चाळला.

"मी ओट्यावर बसून होती, भाऊजी. तुमी चुलीतले हाडकं जुळवून राह्यलते. अन् तो साप हातात धराचं मले कोणं शिकवलं? डॉक्टरनं?"

मला राग आला. कुणाचा, ते तिथेच कळलं, म्हणून जास्त आला. कागद उलटा करून मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. साप ओळखत बसू नका. मारायला, जाळायला, शोधायला थांबू नका. हातात तर मुळीच धरू नका. माणूस उचला आणि निघा. खाली लिहिलं की हे पत्रक लिहिणाऱ्याने अर्धा तास राख उकरली, आणि त्याची वहिनी मरता मरता वाचली.

"वाचा," ती म्हणाली.

वाचलं.

"हे समोरच्या बाजूनं छापा," ती म्हणाली. "सरकारले मागं टाका."