सुकटीचा वास आणि आमची खिडकी

मंडळी, आज दुपारी मी पहिल्यांदाच स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून सुकट भाजली.

नंदनवनातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षांपासून राहतो. दर रविवारी मटण परवडत नाही, म्हणून मी वांगं घालून सुकट करते. मूठभर सुकटीत चौघांचं जेवण होतं आणि पोरं बोटं चाटत खातात. पण शेजारच्या काकूंना वास चालत नाही, म्हणून इतके दिवस खिडकी लावून घामाघूम होत करायची.

आज मी तवा ठेवताच सात वर्षांची रिया आपणहून खिडकी लावायला उठली.

"काहून लावून राहिली वं?" मी विचारलं.

"मम्मी, आपलं जेवण लपवून करावं लागते ना?"

माझं डोकंच सटकलं. मी खिडकी सताड उघडली.

पाच मिनिटांत काकू दारात हजर. "वास येऊन राहिला वं, खिडकी लाव ना!"

"नाही लावणार, काकू. तुमच्या फोडणीचा वास मले रोज येते. मी कधी आली का सांगाले?"

काकू पाय आपटत गेल्या. रियाने आज दोनदा मागून घेतलं.

माझ्या पोरीने घरच्या जेवणाची लाज काहून बाळगायची, सांगा बरं?