खडूचा गोल

पुतण्या शाळेतच आला. मी खामगावच्या शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं चिकटवत बसलो होतो. खळीनं बरबटलेले हात तसेच वर धरून मी त्याच्याकडे पाहत राहिलो. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी उठलेच नाही." आमच्या गावी, धामणगाव बढ्याला, पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिरडी बांधली जात असताना माझ्या पाठीमागं कोणीतरी हळूच म्हणालं, "कारागीर लय मोठा, पण एक बाई खाल्ली त्यानं." माझ्या थोरल्या भावाबद्दल, वामनदादाबद्दल, गाव इतकी वर्षं हेच बोलत आलं. ती बाई त्यानं मारली नव्हती. कोणी मारली हे मला माहीत आहे... आणि ते सांगितल्याशिवाय मला त्याच्याविषयी दुसरं काही लिहिता येणार नाही.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. दादाकडे लिलावात घेतलेली जुनी लष्करी जीप होती, आणि ती तो शेगावच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठी चालवायचा. त्या वेळच्या दगडी रस्त्यांवर चाकांच्या रिमा खरवडून निघत, कडा चेपत. त्या तो घरीच नीट करी. चेपलेली कड घणानं ठोकून वर आणायची, कानशीनं घासायची, खळगा लांबीनं, म्हणजे पुटीनं, भरायचा, वरून चंदेरी रंग. काम कसलं, मारामारीच ती. घण पडला की भिंतीवरची भांडी थरथरत. दादा लोखंडाला आईबहिणीवरून शिव्या देई, आणि ते ऐकलं नाही तर हातातलं हत्यार भिरकावून देई. एकदा कानस माझ्या कानाजवळून जाऊन दारात रुतली. "काऊन उभा राह्यला बे मधात, मास्तर?" एवढंच म्हणाला. मी तेव्हा मास्तर झालेलो नव्हतो, व्हायचा होतो. घरात पुस्तक घेऊन बसणारा मीच एक, म्हणून ते नाव.

ठोकाठोकी सुरू करण्याआधी मात्र तो एकदम शांत होई. प्रत्येक रिम दोरीनं लिंबाच्या फांदीला टांगून हातोडीनं हलकेच टोला द्यायचा आणि कान लावायचा. घंटेसारखा नाद निघाला तर रिम चांगली. बद्द वाजली तर कुठंतरी चीर. ती चीर शोधून तिच्याभोवती खडूनं गोल काढायचा आणि रिम भिंतीला लावून ठेवायचा. भंगारात देण्यासाठी.

गोल म्हणजे भंगार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दसऱ्याच्या सुटीत मी घरी आलो होतो. दादा सुट्या भागांसाठी मलकापूरला गेलेला. अंगणात सहा-सात रिमा पडल्या होत्या, सण तोंडावर होता. त्याला खूश करावं असं मला वाटलं... आमच्या वह्यांमध्ये गुरुजी चुकीभोवती गोल काढत. गोल म्हणजे इथं दुरुस्त कर. मी सगळ्या रिमा घासून रंगवल्या, आणि भिंतीला लावलेल्या एकीवर खडूचा गोल होता, त्या गोलात तर जास्तच मन लावून घासलं, लांबी भरली, वरून रंगाचे दोन हात दिले. बाकीच्या रिमांच्या रांगेत ठेवल्यावर तीच सगळ्यात सुंदर दिसत होती. दादा परतला, पाहतच राहिला. "अबे, हे तं सोनं केलं तू!" म्हणून त्यानं माझ्या पाठीत असा दणका घातला की मी पुढं कोलमडलो. खडू एकाही रिमवर दिसत नव्हता, म्हणून त्यानं त्या पुन्हा वाजवल्या नाहीत. त्यानं माझं काम पाहिलं आणि विश्वास ठेवला.

दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गावातलीच मंडळी घेऊन तो शेगावला निघाला. उतारावर पुढचं चाक फुटलं. बातमी कळून मी सायकलवर पोचलो तेव्हा जीप खड्ड्यात उलटलेली होती आणि तिच्यातून निघालेली सरूबाई पदराखाली झाकलेली होती, गेलेली. तिचा दीर किसन जीप चालू करायच्या लोखंडी हँडलनं दादाला मारत होता. उजवा खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादानं हात वर केला नाही. त्याच्या पायाशी अर्धी रिम पडली होती. तुटलेल्या कडेला माझी पांढरी लांबी आणि वर चंदेरी पापुद्रा. त्यानं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, "दादा, हे मी..." आणि त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडावर असा तडाखा दिला की दोन दात मातीत पडले. "एक शब्द बोलला तं जीव घेईन तुया!" लोक ओरडले, "पाहा, अजून मस्ती नाही उतरली याची!" आणि पुन्हा त्याच्यावर तुटून पडले.

त्याला शिक्षा झाली. मला नोकरी लागली. सुटून आल्यावर एकदाच मी विषय काढला. "मले हातच चालवता येतात," तो म्हणाला. "ते जेलातबी चालतात. तू तिथं काय केलं असतं बे?" पुढं तो गाडी कधी चालवू शकला नाही, मोडक्या खांद्यानं लोकांच्या रिमा ठोकत राहिला. आणि मी गप्प राहिलो. त्याच्या धाकामुळं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे गप्प राहणं मला सोयीचं होतं.

तेरावा झाल्यावर मी किसनकडं गेलो. तो आता म्हातारा आहे. सगळं ऐकून त्यानं काठी उचलली, आणि मग खाली टेकवली. "मले काऊन सांगतं?" तो म्हणाला. "गावाले सांग."

म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी वहिनीला वाचून दाखवलं, दादाच्या खोलीत. त्या खांद्यामुळं त्याला आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. चुन्यावर त्याच्या पाठीचा तेलकट काळा डाग आहे, आणि वहिनी रोज त्यापुढं वाकळ अंथरते. ती डागाकडे पाहत ऐकत होती. दात पडल्याचं आलं तिथं तिनं मला थांबवलं.

"लय लागलं होतं का भाऊजी?"

"हो, वहिनी."

"कमीच मारलं त्याईनं," ती म्हणाली. "वाचा पुढं."