भाऊजींचं विमान कोबीत उतरलं

माझे धाकटे दीर दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यावर लोक बागकाम करतात. भाऊजींनी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं. तेव्हापासून गाडी बाहेर उन्हात आणि पंख आत सावलीत. पंखांच्या कापडावरचा लेप ते दाढ भरल्यासारखा, जीभ बाहेर काढून, इवल्याशा चमच्याने लावत.

विमान पूर्ण झालं, परवाना मिळाला, तेव्हा जाऊबाईंनी एकच अट घातली. "हवेत एकदा जरी इंजिन बंद पडलं, तर त्याच संध्याकाळी भंगारवाला बोलावीन." भाऊजींनी मान डोलावली. त्या बोलल्या म्हणजे बोलल्या, हे ते जाणून होते.

पहिल्या उड्डाणाला मीही गेले. भाऊजींना विमान चालवायला शिकवणारे मास्तरही होते. दोघांनी एकेक खिळा तपासला, मग भाऊजी फोटोसाठी उभे राहिले. तेवढ्यात जाऊबाई फडकं घेऊन आत चढल्या.

"अगं, काय करतेस?"

"सीटवर केवढी धूळ! लोक काय म्हणतील?"

"वर कोण लोक येणार आहेत?"

पुसून त्या उतरल्या, भाऊजी चढले. इंजिन झकास सुरू झालं, विमान धावलं, वर उठलं. झाडांच्या वर जातं न जातं तोच दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"मागे वळू नका! सरळ उतरा!" मास्तर जमिनीवरून ओरडत होते. इतक्या खालून वळलं की विमान कोसळतंच, हे त्यांनी भाऊजींना शंभरदा बजावलं होतं. जाऊबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली. मी शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना सुरू केली, तर मधली ओळच आठवेना. भाऊजी मात्र नाक खाली करून सरळ गेले आणि कुंपणापलीकडच्या कोबीत उतरले.

आम्ही धापा टाकत पोहोचलो. एक चाक वाकलं होतं, बाकी सगळं शाबूत. भाऊजी खाली उतरले आणि समोर उभ्या कोबीवाल्याला म्हणाले, "झालं बरं का. आता चूळ भरा."

"मी कशाला भरू?" कोबीवाला म्हणाला.

मास्तर आत डोकावले. "पेट्रोलचा कॉक बंद आहे! नळीत होतं तेवढ्यावर उडालात तुम्ही. कुणी बंद केला?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या. "उघडाच होता की! बाहेर पडताना मी घरातला एकही कॉक उघडा ठेवत नाही."

हे खरं होतं. माझ्याकडून निघतानाही त्या माझा गॅस बंद करून जातात. दोनदा भात कच्चा राहिलाय.

भाऊजी वाकड्या चाकाकडे बघत म्हणाले, "अट ती अट. बोलव भंगारवाल्याला."

जाऊबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मी म्हणाले होते, इंजिन बंद पडलं तर. हे पडलं कुठे? हे मी केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मुकाट्यानं चाक सरळ करा. आणि वर जाण्याआधी आतलं सगळं परत तपासायचं. मी आत गेले असेन तर दोनदा."

कोबीवाल्यानं ट्रॅक्टर आणला. विमान दोराला बांधून हळूहळू मैदानाकडे निघालं. जाऊबाई पंखाचं टोक धरून शेजारून चालत होत्या आणि कोबीवाल्यावर ओरडत होत्या, "अहो, जरा जपून! रंग ओरखडेल ना!"